परक्या देशात बँक खातं उघडताना, घरी पैसे पाठवताना : तुमचे अनुभव लिहा

भाची ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला जाणार आहे. प्रवेश झाला, व्हिसाची तयारी चालू आहे आणि गाडं अडलंय बँकेपाशी. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो वेगळंच सांगतो. इथल्या बऱ्याच जणांनी परदेशात खाती उघडली आहेत, घरी पैसे पाठवले आहेत. कुठे अडलं, कशाने सुटलं ते लिहा, देश कुठलाही चालेल. आपल्याकडे एखाद्या परदेशी माणसाला खातं उघडून दिलं असेल तर तेही लिहा. अ‍ॅपचे रेफरल कोड मात्र कृपया टाकू नका.

स्टुटगार्टकर

भाचीची खाती दोन होणार. व्हिसासाठी लागतं ते श्पेरकोन्टो, म्हणजे गोठवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि तिकडे पोचल्यावर महिन्याला ९९२ सुटतात. हे भारतातूनच ऑनलाइन उघडतं.

अडतं ते पुढे. ते ९९२ जमा व्हायला साधं खातं हवं, गिरोकोन्टो. बँक म्हणते आनमेल्डुंग आणा, म्हणजे पालिकेत पत्ता नोंदवल्याचा कागद. पालिका म्हणते घरमालकाचा दाखला आणा. घरमालक म्हणतो आधी डिपॉझिट जर्मन खात्यातून येऊ दे! माझं हे त्रांगडं एका सीनियरने सोडवलं. त्याने डिपॉझिट भरलं, मी त्याला रोख दिली. खरं तर सेपातल्या, म्हणजे युरो व्यवहारांच्या जाळ्यातल्या, कुठल्याही देशाचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) चालायला हवा असा युरोपचा नियम आहे, पण घर मिळायच्या आधी घरमालकाला कायदा कोण शिकवणार?

व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणाऱ्या काही बँकांना भारतीय पासपोर्ट चालत नाही. मग पासपोर्ट घेऊन पोस्टात जायचं, तिथे ओळख पटवून देतात. सगळीकडून नकारच आला तर बाझिसकोन्टो, म्हणजे किमान सोयींचं खातं, मागायचं. कायदेशीर राहणाऱ्या माणसाला ते मिळण्याचा हक्क तिथे २०१६ पासून आहे. काउंटरवरचा माणूस आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं.

निवृत्त फॉरेक्सवाला

वडिलांच्या खात्यातून पैसे जाणार असतील तर ए-२ फॉर्म (बाहेर पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि त्यांचं पॅन लागेल. एलआरएसची, म्हणजे बाहेर पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, तिची चिंता नको. पण आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. बँकेच्या शिक्षणकर्जातून पैसे गेले तर लागतच नाही. पर्पज कोड शिक्षणाचा म्हणजे एस०३०५ टाकलाय ना, ते सही करण्याआधी बघा. आणि सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा, नाहीतर मधली बँक आपला हिस्सा कापून घेते, रक्कम कमी पोचते आणि तेवढ्यासाठी गोठवलेल्या खात्याचा दाखला अडतो.

'शून्य फी' वाचून हुरळू नका. बाजारातला भाव आणि तुम्हाला दिलेला भाव यांतला फरक मोजा, त्यांची कमाई तिथे असते.

ओसाकाकर

इथे नोकरी नसेल तर पहिले सहा महिने परकीय चलन कायद्याने तुम्ही अनिवासी. बऱ्याच बँका दारातूनच परत पाठवतात. विद्यार्थ्यांना पोस्टाची बँक, युचो, त्यातल्या त्यात सोपी.

माझा घोळ नावाचा. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव अशी आपली नेहमीची पद्धत. काताकाना या जपानी लिपीत लिहिताना फॉर्मच्या चौकटीच संपल्या. बँकेने जिथे तोडलं तेच नाव मी पगाराच्या फॉर्मवर उतरवलं, कारण एका अक्षराचा फरक पडला तरी पैसे परत जाऊ शकतात. आडनावाचा शिक्काही खास करून घ्यावा लागला. दुकानात तयार मिळतात ते सुझुकी-तानाकांचे, कुलकर्ण्यांचे नाहीत.

दापोलीकर, मुक्काम दुबई

मी आलो तेव्हा पगार पाकिटात मिळायचा. २००९ पासून सरकारने तो बँकेमार्फतच द्यायची पद्धत आणली. खातं कंपनीच उघडून देते, पण एमिरेट्स आयडी हातात येईपर्यंत उधारीवर दिवस काढायचे. गावी पैसे मी अजून मनी एक्स्चेंजमधूनच पाठवतो. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, म्हणून डॉलर चढला की तोही चढतो. रुपया पडला की तिकडे टीव्हीवर काळजी आणि इकडे एक्स्चेंजसमोर रांग!

गावातलं माझं जुनं बचत खातं तसंच आहे. त्यात पैसे टाकलेले चालतात का, फॉरेक्सवाल्या काकांनी सांगावं.

निवृत्त फॉरेक्सवाला

नाही चालत. नोकरीसाठी बाहेर गेलात की फेमाप्रमाणे, म्हणजे परकीय चलन कायद्याप्रमाणे, ते खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यायचं. तिकडची कमाई एनआरईत, म्हणजे परदेशी कमाईसाठीच्या खात्यात, टाका. व्याजावर इथे कर नाही आणि पैसे हवे तेव्हा परत नेता येतात. पुढच्या खेपेला गावी याल तेव्हा हे काम आधी उरका, मग आंबे.

न्यू जर्सीवाली

अमेरिकेत एसएसएनसाठी (सोशल सिक्युरिटी नंबर) थांबू नका. पासपोर्ट, आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला कागद) आणि पत्त्याचा कागद यांवर बऱ्याच ठिकाणी खातं उघडतं. एक शाखा नाही म्हणाली तर त्याच बँकेची दुसरी गाठा. १ जानेवारी २०२६ पासून रोखीने पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर आहे, खात्यातून पाठवलेल्यांवर नाही.

कोथरूडच्या काकू

माझा अनुभव उलटा. आमच्या वरच्या खोलीत मॉरिशसची मुलगी राहते. आडनाव अस्सल मराठी, पासपोर्ट परका. बँकेतल्या मुलाने आडनाव वाचलं आणि आधार मागितलं. नाही म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना. शेवटी आतल्या मॅडमनी परिपत्रक काढलं. परदेशी विद्यार्थ्याचं एनआरओ खातं पासपोर्ट, व्हिसा आणि कॉलेजच्या प्रवेशपत्रावर उघडतं, पत्त्याचा पुरावा ३० दिवसांत द्यायचा. तोवर बाहेरून १,००० डॉलरच्या वर घेता येत नाहीत आणि खात्यात एकूण ५०,००० रुपयांची मर्यादा असते. आमचा भाडेकरार रजिस्टर केलेला होता आणि सी फॉर्म (घरात परदेशी माणूस राहायला आल्याची सरकारी नोंद) २४ तासांत भरला होता, म्हणून पुढचं पटकन झालं.

आता तिचे बाबा पैसे पाठवताहेत, तर तिकडचा फॉर्म आयबॅन मागतो. तो कुठून आणायचा?

निवृत्त फॉरेक्सवाला

काकू, भारतात आयबॅन नाहीच. त्यांना खाते क्रमांक, आयएफएससी आणि स्विफ्ट कोड (बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड) पाठवा. रकाना रिकामा चालत नसेल तर बाबांनी तिथल्या शाखेत जाऊन फॉर्म भरावा. तुमच्या शाखेला स्विफ्ट कोड नसेल तर त्याच बँकेच्या फॉरेक्स शाखेचा मागून घ्या.