मदत हवी आहे: 'कॅच अ फायर'ची जुनी सीडी की रीमास्टर?

रेगे (जमैकाचं संगीत) ऐकणारं कोणी आहे का इथे? बॉब मार्ली आणि वेलर्सचा 'कॅच अ फायर' (१९७३) माझ्याकडे जुन्या सीडीवर आहे. आता २००१ची दोन सीडींची डिलक्स आवृत्ती मिळाली. तिच्यातला रीमास्टर (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने बसवलेली प्रत) लावला की आधी वाटतं, काय बेस उठलाय! पण अर्धा अल्बम होईतो कान थकतात. जुनी सीडी जरा मोठ्याने लावली की ड्रमचा ठोका जास्त सुटा ऐकू येतो. हा फरक खरा आहे, की नवी सीडी नुसतीच जोरात वाजते?

शिवाय डिलक्समधल्या पहिल्या सीडीवर जमैकन मिक्स, म्हणजे अल्बमचं मूळ जमैकन रूप, आहे. मूळ ध्वनिमुद्रण १९७२ साली किंग्स्टनला झालं. नंतर आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलने लंडनमध्ये वेन पर्किन्सची गिटार आणि रॅबिट बंड्रिकचा कीबोर्ड त्यावर चढवला. जमैकन मिक्समध्ये ही भर नाही, आणि दोन गाणी जास्त आहेत. मला हेच जास्त आवडतंय. पण मग याची तुलना बाकीच्यांशी करायची तरी कशी?

एलपी घ्या असं कृपया सांगू नका, टर्नटेबल नाही आणि घरून परवानगीही नाही.

प्रतिसाद:
जमैकन मिक्स बाजूलाच ठेवा. तिथे वाद्यंच वेगळी आहेत, मास्टरिंगची (तयार मिक्सच्या आवाजावरच्या शेवटच्या संस्काराची) तुलना होणार नाही. आवडतंय तर खुशाल ऐका.

उरलेल्या दोन्ही सीडी (जुनी आणि डिलक्समधली रीमास्टर) फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारी फाइल) रिप करा, म्हणजे संगणकावर उतरवा, फूबार२००० या प्लेअरमध्ये रीप्लेगेन (आवाजाची पातळी मोजून सारखी करणारी सोय) स्कॅन करून पातळी सारखी करा आणि एबीएक्स (कोणती प्रत वाजतेय ते न सांगता ओळखायला लावणारी चाचणी) लावून डोळे झाकून ओळखायचा प्रयत्न करा. थोडासा जास्त आवाजही कानाला 'चांगला' वाटतो, बेस तर हमखास. पातळी सारखी केल्यावरही ठोका दबलेला वाटला, तर कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणं) जास्त आहे असं समजा. ब्लूटूथ नको, वायरचा हेडफोन घ्या.

आणि बेससाठी फक्त 'कॉन्क्रीट जंगल'वर जाऊ नका. त्यात बेस रॉबी शेक्सपिअरचा आहे, वेलर्सचा नेहमीचा बेसवादक फॅमिली मॅन बॅरेटचा नाही. सोबत 'स्टर इट अप' घ्या.

धागाकर्ता:
शेक्सपिअरचं माहीतच नव्हतं, आभार! रीप्लेगेन ट्रॅकनुसार लावू की अल्बमनुसार?

प्रतिसाद:
एकेक गाणं तपासताय ना, मग ट्रॅकनुसार. सलग ऐकताना अल्बमनुसार.