मुराकामीचा 'रोज दहा पानं' नियम कुणी खरंच पाळून बघितलाय का?

अर्धा_मसुदा
नमस्कार मंडळी, दोनेक वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.
जपानी लेखक हारुकी मुराकामीचं कादंबरीकाराच्या पेशावरचं पुस्तक (जपानीत २०१५, इंग्रजीत २०२२) वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. कादंबरी चालू असली की हा माणूस पहाटे चारला उठतो, पाच-सहा तास लिहितो, मग पळतो नाहीतर पोहतो आणि रात्री नऊला झोपतो. आणि रोज दहा पानं म्हणजे दहाच. जपान्यांचा ४०० चौकटींचा कागद असतो, चौकटीत एक अक्षर, तसे दहा कागद. मूड लागला तरी दहावर थांबायचं, नाही लागला तरी ओढूनताणून दहा भरायचे.
मी आजोबांच्या पिठाच्या गिरणीवर लिहितोय. पहाटे चारचा गजर लावून सुरुवात केली, सहा दिवस टिकलो, सातव्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या झोपलो आणि स्टेशन गेलं. शिवाय पानं भरायची म्हणून इतका पाऊस पाडलाय की गिरणी वाहून जाईल. वर आईला वाचायला दिलं तर म्हणे गिरणीतलं ते काका-पुतण्याचं बोलणं कंटाळवाणं आहे, त्याऐवजी एखादं लग्न टाक. आता काय करू? आणि दहा पानं म्हणजे मराठीत नक्की किती?

खिचडी_कढी
शेवटच्या प्रश्नापुरतं उत्तर देतो, बाकी ज्ञान नाही :)
दहा कागद म्हणजे ४००० चौकटी, तो स्वतः म्हणतो इंग्रजीत साधारण १६०० शब्द. आपल्याकडे विभक्ती शब्दालाच चिकटते, 'गिरणीवाल्याकडून' हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात, त्यामुळे मराठीत हजार-बाराशे धरा. हाताने लिहीत असाल तर फुलस्केपची पाच-सहा पानं. नोकरी करून हे रोज होतं म्हणणाऱ्याला आधी चहा पाजा आणि मग खरं काय ते विचारा.

रात्रपाळी
अहो तुम्ही चुकीच्या मुराकामीची नक्कल करताय! पहाटे चारवाला मुराकामी हा बार विकून पूर्णवेळ लेखक झाल्यानंतरचा. त्याआधी तो आणि त्याची बायको टोकियोत जॅझ बार चालवायचे, डोक्यावर कर्ज, आणि पहिल्या दोन छोट्या कादंबऱ्या त्याने रात्री बार बंद करून घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहिल्या. १९७८ च्या एप्रिलमध्ये बेसबॉलची मॅच बघताना वाटलं आपण लिहू शकतो, आणि लागला. रोज दहा पानं वगैरे काही नाही, जमेल तेवढं. आणि ते बाड एका मासिकाच्या स्पर्धेला पाठवलं तेव्हा कॉपीसुद्धा ठेवली नव्हती, नंबर लागला नसता तर गेलंच होतं सगळं. पळायला लागला तोही नंतर, १९८२ मध्ये, तोवर दिवसाला साठ सिगारेटी ओढत होता.
मी स्वतः शिफ्टमध्ये काम करते, दोन पेशंटच्या मध्ये फोनवर चार ओळी टाइप करते. नियमातलं मी फक्त 'चांगलं चाललंय तेव्हा थांब' एवढंच घेतलं, कारण दुसऱ्या दिवशी सुरुवात कुठून करायची हे माहीत असतं.

श्टुटगार्टची_सून
माझा अनुभव जरा वेगळा. मुराकामीला पहिल्या कादंबरीचा पहिला मसुदा आवडला नाही तेव्हा त्याने कपाटातला ऑलिव्हेटी टाइपरायटर काढला आणि सुरुवात इंग्रजीत लिहिली, येत होतं तेवढ्याच तोडक्यामोडक्या इंग्रजीत, आणि मग ते परत जपानीत आणलं. छोटी वाक्यं, साधे शब्द, आणि त्यातून त्याला त्याचा आवाज सापडला.
मी हे जर्मनवर करून बघितलं, माझं जर्मन म्हणजे भाजीबाजारापुरतं. आधी मराठीत लिहिलं होतं 'आईच्या डोळ्यांत आसवांनी दाटी केली आणि तिचं काळीज पिळवटून निघालं'. जर्मनमध्ये दाटी-बिटी कुठली यायला, तिथे झालं 'आई रडली. मग तिने भाकऱ्या केल्या.' ते तसंच मराठीत उचललं. सासूबाई वाचून गप्प बसल्या, एरवी त्या गप्प बसत नाहीत.

तिरकस_कौल
म्हणजे आता मराठी लिहायला जर्मन शिकायचं, बरंय. पण सगळ्यांनी पहाट आणि टाइपरायटर धरलाय आणि त्या पुस्तकातली खरी कामाची गोष्ट राहिली. तो मसुदा पुन्हा पुन्हा लिहितो, मध्ये काही आठवडे बाजूला ठेवतो, मग बायकोला वाचायला देतो. आणि नियम असा की तिने जिथे बोट ठेवलं तो भाग बदलायचाच. ती सांगेल तसाच बदलायचा असं नाही, कधीकधी बरोबर उलटाही बदलतो, पण हात लावायचाच. वाचणारा अडखळला म्हणजे तिथे काहीतरी बिघडलंय, औषध त्याने सांगितलेलं चुकीचं असेल पण दुखतंय तिथेच.
तेव्हा धागाकर्ते, लग्न टाकू नका. पण तो गिरणीतला संवाद काढा परत.

अर्धा_मसुदा
@तिरकस_कौल, राव काल रात्री काढला. काका पुतण्याला हळू आवाजात जमिनीच्या वाटणीचं सांगतोय असा सीन आहे. हळू आवाजात! चालू गिरणीत! पट्टा फटफटतोय, डबे वाजतायत, तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू येत नाही, आणि माझे काका कुजबुजतायत दोन पानं. आईला विचारलं तर म्हणे हो ना, म्हणून तर बाबा घरीसुद्धा ओरडून बोलायचे, आम्हाला वाटायचं रागावलेत.
आता वाटणीची गोष्ट काका ओरडून सांगतोय आणि बाहेर दळणाच्या रांगेतल्या बायका ऐकतायत. गजर साडेपाचला केलाय. पाऊस निम्मा काढून टाकला.