१२० हर्ट्झचा अँड्रॉइड फोन, तरी काही ॲप्स ६० वरच?

प्रश्न: सेटिंगमध्ये १२० हर्ट्झ (म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो) निवडलंय. होम स्क्रीन झकास सरकते, पण मॅप आणि दोन गेम्स अडखळतात. दोष ॲपचा की फोनचा?

उत्तर १: आधी मोजा. ‘अबाउट फोन’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘शो रिफ्रेश रेट’ चालू करा. कोपऱ्यात आकडा दिसेल. पण तो पडद्याचा वेग. ॲप तेवढ्या फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) काढतंच असं नाही. १२० ला एक फ्रेम ८.३ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, ६० ला १६.७ मिळतात. उशीर झाला की जुनीच फ्रेम पुन्हा दिसते. अडखळणं म्हणतात ते हेच.

उत्तर २: बॅटरी सेव्हर बंद आहे ना? बऱ्याच फोनांत तो ६० वर आणतो. फोन तापला तरी वेग उतरतो. गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये फ्रेम रेट वेगळा निवडावा लागतो, तोही बघा.

उत्तर ३: ॲप बनवणाऱ्यांनी अँड्रॉइड ११ पासूनचं ‘सेटफ्रेमरेट’ (ॲपला सेकंदाला किती फ्रेम हव्यात ते फोनला सांगणारी कोडमधली आज्ञा) जरूर वापरावं. २४ फ्रेमच्या व्हिडिओला २४ च सांगा. १२० वर प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून कॅमेरा आडवा फिरताना हिसके बसतात.