एकाच फायबर जोडीवर १०जीच्या अनेक लिंक: सीडब्ल्यूडीएम की डीडब्ल्यूडीएम?

प्रश्न – तंतू३४
दोन साइटमध्ये ३४ किमी डार्क फायबरची (ज्यावर आपलीच उपकरणं लावायची असं कोरं फायबर) एकच जोडी आहे, जी.६५२डी म्हणजे नेहमीचं सिंगल-मोड. तिच्यावर सध्या १५५० नॅनोमीटरची साधी १०जी (१० गिगाबिट) ईआर, म्हणजे ४० किमीपर्यंतची, लिंक चालते. ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून लॉस मोजणारं यंत्र) १५५० ला एकूण लॉस, म्हणजे प्रकाशाची घट, ९.५ डीबी. आता चार लिंक वाढवायच्या आहेत, पुढे बारा-पंधरा होतील. नवी जोडी मिळणार नाही. दोन्ही टोकांना आठ चॅनेलचा सीडब्ल्यूडीएम (तरंगलांब्या लांब-लांब ठेवणारा प्रकार) मक्स, म्हणजे अनेक तरंगलांब्या एका फायबरवर एकत्र करणारा डबा, लावून जुनी लिंक त्याच्या १३१० पोर्टवरून नेता येईल का? की सरळ डीडब्ल्यूडीएमच (तरंगलांब्या दाटीने बसवणारा प्रकार) घ्यावं?

लॅम्डा_१५५१
१३१० पोर्टवरून ती जाणारच नाही, तिथला फिल्टर १५५० अडवतो. १५५१ च्या पोर्टमध्येही घालू नका. साध्या ईआर ऑप्टिकची (स्विचमध्ये बसणाऱ्या लेझर-रिसीव्हर मॉड्यूलची) तरंगलांबी १५३० ते १५६५ मध्ये कुठेही असू शकते आणि त्या पोर्टचा पट्टा साधारण १५४४.५ ते १५५७.५ एवढाच. आज लिंक उठेल, उद्या स्पेअर ऑप्टिक टाकलं की पडेल. त्यामुळे ते ऑप्टिक बदलून रंगीत, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचं, घ्यावंच लागेल. स्विच तोच राहतो.

बजेटवाला
पंधरापर्यंत जायचं नक्की असेल तर पहिल्यापासून डीडब्ल्यूडीएम घ्या. १०जीची ८० किमीची सीडब्ल्यूडीएम ऑप्टिक्स सहसा १४७१ ते १६११ या आठ चॅनेलचीच मिळतात, म्हणजे तुमचा मक्स लवकरच भरेल. नंतर १५३१ आणि १५५१ च्या पोर्टमागे डीडब्ल्यूडीएम मक्स जोडता येतो, पण दोन मक्सचा लॉस एकावर एक चढतो.

हिशेब असा: फायबर ९.५, सोळा चॅनेलचा मक्स आणि समोरच्या टोकाला चॅनेल वेगळे करणारा डीमक्स यांचा मिळून ८ (डेटाशीटमधला कमाल आकडा घ्या, टिपिकल नको), पॅच कॉर्ड आणि कनेक्टर १. झाले १८.५ डीबी. ४० किमीच्या ऑप्टिकचं बजेट (ते झेलू शकतं तो एकूण लॉस) साधारण १५, म्हणजे ते बाद. ८० किमीच्या ऑप्टिकचं किमान पाठवणं ० डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) आणि रिसीव्हर −२३ पर्यंत ऐकणारा असेल तर २३ मिळतात, हातात ४.५ उरतात. डिस्पर्शन, म्हणजे प्रकाशाचे स्पंद वाटेत पसरणं, ३४ किमी × १७ म्हणजे ५७८ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. ८० किमीचं ऑप्टिक साधारण १६०० पर्यंत झेलतं, तेव्हा ती काळजी नाही. या अंतराला ॲम्प्लिफायरही नको. मात्र पुढे अंतर वाढलं तर नेहमीचा ईडीएफए (फायबरमधला ॲम्प्लिफायर) सी-बँडमध्ये, म्हणजे साधारण १५३० ते १५६५ मध्ये, काम करतो, सीडब्ल्यूडीएमचे बहुतेक चॅनेल त्याच्या बाहेर राहतात.

लॅम्डा_१५५१
मागवण्याआधी स्विचचा पोर्ट किती वॉट देतो ते बघा. काही ट्यूनेबल (तरंगलांबी बदलता येणाऱ्या) ऑप्टिक्सना १.५ वॉटपेक्षा जास्त लागतात.

जोडणी_आणि_मोजणी
बसवताना लोक फसतात त्या जागा सांगतो. टेबलावर दोन मक्स छोट्या पॅच कॉर्डने समोरासमोर जोडून तपासणार असाल तर मध्ये १० डीबीचा ॲटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा तुकडा) हवाच. ऑप्टिक +४ डीबीएम देतं, मक्सचे ८ वजा केले तरी −४ उरतात, आणि रिसीव्हर बऱ्याचदा −७ लाच ओव्हरलोड होतो.

मक्सच्या सामायिक लाइन पोर्टवर (जिथे सगळे चॅनेल एकत्र फायबरला मिळतात) साधा पॉवर मीटर लावला तर सगळ्या चॅनेलची बेरीज दिसते. सारख्या ताकदीचे आठ चॅनेल म्हणजे एकापेक्षा ९ डीबी जास्त. एकेक चॅनेल डीमक्सच्या पोर्टवर मोजा किंवा ऑप्टिकचं डीडीएम (ऑप्टिक स्वतः मोजून दाखवतं ते आकडे) वाचा. ओटीडीआर मक्समधून मारू नका, मक्स काढून थेट फायबरवर १५५० आणि १६२५ दोन्ही घ्या. १६२५ ला एखाद्या जागी लॉस खूपच जास्त दिसला तर तिथे फायबर वाकलंय.

एक चॅनेल उठत नसेल तर आधी पाठवणाऱ्या बाजूचा पोर्ट तपासा. रिसीव्हर कुठलाही रंग घेतो, पण चुकीच्या पोर्टमधला लेझर मक्समध्येच अडतो. मग कनेक्टर: स्कोपखाली पाहून, पुसून, पुन्हा पाहूनच लावा. लाइन पोर्टवरचा एक धुळीचा कण सगळ्या चॅनेलना एकदम खाली खेचतो.