बदक पडलंच नाही : गेमसाठी स्वस्तातला टीव्ही घेतानाचे तुमचे अनुभव

गावभागकर (सांगली) :
परवा माळा आवरताना निळ्या ताडपत्रीत बांधलेला खोका सापडला. उघडला तर आमचा टीव्ही गेम! दोन रिमोट, दोन पिवळ्या कॅसेट आणि ती प्लास्टिकची बंदूक. १९९७ साली सातवीचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी आणलेला. मला वाटायचं २०१९ च्या पुरात गेला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर होतं. आमचा तळमजला अख्खा पाण्यात. दारात होडी थांबलेली, आम्ही हाका मारतोय आणि बाबा वर काय करत होते ते आत्ता कळलं. कागदपत्रांच्या पेटीमागं त्यांनी हा खोका सरकवून ठेवला होता. बोलले कधीच नाहीत. आता विचारायला ते नाहीत.

भाच्याला बोलावलं. हॉलमधल्या टीव्हीला पिवळी-पांढरी पिन जोडली, आणि चालू झाला की हो! बदकांचा गेम लावला. बदक उडालं, पोरानं नळी पडद्याला जवळजवळ टेकवून चाप ओढला. बदक पडलंच नाही. वीसेक वेळा मारलं. एकही नाही.

भाच्यानं सेकंडहँड प्लेस्टेशन ४ घेतलाय, नोकरी लागली की ५ घेणार म्हणतो. त्याच्या खोलीत टीव्ही घ्यायचाय, ३० हजारांच्या आत. जाहिराती वाचून डोकं उठलंय. तुम्ही काय घेतलंत, काय चुकलं, काय जमलं ते सांगा.

पोवईनाका (सातारा) :
दादा, बाबांचं वाचून गलबलून आलं. आणि बंदूक बिघडलेली नाही बरं का. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. नळीतल्या छोट्या सेन्सरला तो पांढरा दिसला तर नेम लागला. डबा टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटायचं. सपाट टीव्ही चित्र आधी आत घेतो, ताणून मोठं करतो, रंग उजळतो, मग दाखवतो. तोवर बंदुकीची बघायची वेळ निघून गेलेली असते.

हाच तो इनपुट लॅग. गेमसाठी टीव्ही घ्यायचा तर मी सगळ्यात आधी हेच बघतो. मी मागच्या वर्षी ४३ इंची ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा) घेतला, २७ हजारांत. राजपथावरच्या दुकानात सॅकमधून प्लेस्टेशन घेऊनच गेलो. विक्रेता म्हणाला असं कोणी करत नाही. म्हटलं करू द्या, नाहीतर निघतो. दोन टीव्हींवर तोच गेम, तीच उडी. पहिल्यावर बटण दाबलं की माणूस थोडं थांबून उडायचा. सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड (चित्र सजवायची बरीच कामं गाळतो तो) लावला तर एकदम हाताला लागला. दुसऱ्या टीव्हीत गेम मोड लावून पण फरक नाही. पहिला घेतला.

६० हर्ट्झचा टीव्ही म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, त्यातलं एक चित्र म्हणजे एक फ्रेम, साधारण १६.७ मिलिसेकंदांची. गेम मोडमध्ये उशीर एखाद्या फ्रेमचा असेल तर हाताला कळत नाही. साध्या मोडमध्ये तोच चार-पाच फ्रेमपर्यंत जातो, आणि मग पोरं म्हणतात कंट्रोलर खराब आहे.

जयसिंगपूरची_लेक :
वाचतेय. आम्हालाही दिवाळीत घ्यायचाय.

कोरेगावचा_गडी :
माझं ऐका, लय पस्तावलोय. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२० लिहिलेलं, दुकानदार पण म्हणला १२० चा हाय. घरी आणून बघतोय तर पॅनेल, म्हणजे खरा पडदा, ६० चंच. ते १२० म्हणजे त्यांच्या त्या चित्र गुळगुळीत करायच्या करामतीचं नाव. आणि ती करामत चालू ठेवली की गेम आणखी मागं पडतो, कारण टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतः बनवत बसतो. परत न्यायला गेलो तर म्हणले खोका फोडला, आता नाही. ५५ इंची घेतलेला, वर्षभर पैसं साठवून.

तवा कंपनीच्या साईटवर मॉडेल नंबर टाकून "रिफ्रेश रेट" पुढं काय लिहिलंय ते वाचा, खोक्यावरचं नको.

पोवईनाका (सातारा) :
@कोरेगावचा_गडी भाऊ, वाईट वाटलं. पण प्लेस्टेशन ४ साठी तुमचा टीव्ही पुरतोय, त्याला ६० च्या वर लागतच नाही. ती करामत मेनूत "मोशन" नाव शोधून बंद करा, आणि गेम मोड लावा. तेवढं करून बघा आणि सांगा.

विश्रामबाग_१२ :
माझी खोली दहा बाय दहा. कॉटपासून भिंत सहा फुटांवर. ३२ इंची घेतला ९ हजारांत, आणि चूक झाली ती रिझोल्यूशनची. रिझोल्यूशन म्हणजे चित्रातले ठिपके, एचडी रेडी म्हणजे १३६६ × ७६८. प्लेस्टेशन ४ चं चित्र १९२० × १०८० चं, ते दाबून बसवल्यावर गेममधली बारीक अक्षरं फुटकी दिसतात. निरोप वाचायला उठून पुढं जायला लागायचं. ३२ मध्येच फुल एचडी मिळतो, थोडा महाग, पण तोच घ्या. मी नंतर बदलला.

आणि हो, चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर मेनूत "स्क्रीन फिट" असं काहीतरी असतं. मला दोन महिने वाटत होतं गेममधला नकाशा अर्धाच असतो.

हळदबाजार :
गावभागकर, तुम्ही २०१९ लिहिलंत आणि मी अर्धा तास नुसती बसून राहिले. आमचं दुकान गणपती पेठेत. पाणी उतरल्यावर टीव्ही उघडला तर आत चिखलाचा थर, बोटानं खरवडून काढावा लागला. तेव्हापासून आमच्या घरात टीव्ही भिंतीवर उंच लावायची पद्धत पडली. मुलगा म्हणतो आई मान दुखते गेम खेळताना. गेमसाठी पडद्याचा मध्य डोळ्यांसमोर पाहिजे हे पटतं मला, पण खाली आणायला हात धजत नाही.

गावभागकर (सांगली) :
@हळदबाजार ताई, आमच्याकडं पण तेच. फ्रिज अजून विटांवर आहे.

मिरजेचा_तंबोरा :
आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे-सतारी बनतात, त्यामुळं माझा कान आधी जातो. स्वस्त टीव्हीचे स्पीकर मागं भिंतीकडं किंवा खाली तोंड करून असतात, आवाज डब्यातून आल्यासारखा. म्हणून मी ब्लूटूथ स्पीकर जोडला. मुलीनं लगेच सांगितलं, बाबा, तलवार आधी लागतीये आणि आवाज नंतर येतोय. खरंच होतं. ब्लूटूथवर आवाज मागं पडतो. सिनेमात टीव्ही चित्र थांबवून जुळवून घेतो, गेममध्ये ते चालत नाही. साधी वायर लावली, नाहीतर कंट्रोलरलाच हेडफोन लावा. टीव्ही घेताना मागं हेडफोनचं भोक आहे का ते बघा, नव्या मॉडेलांत काढून टाकायला लागलेत.

जयसिंगपूरची_लेक :
तंबोरा काका, जुन्या तंबोऱ्याची खुंटी घसरते, दुरुस्त करून मिळेल का? आईचा आहे.

मिरजेचा_तंबोरा :
मिळेल की. घेऊन या, बघून सांगतो. तोवर तारा सैल करून ठेवा.

तासगावकर :
टीव्ही कोणता यापेक्षा वीज कशी हे आमच्याकडं आधी. एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस, द्राक्षबागेच्या पलीकडं कुठंतरी कडाडली, आणि घरात टीव्ही चालूच पण एचडीएमआयची (चित्र-आवाजाची वायर जोडायची) दोन्ही तोंडं मेली. मेकॅनिक म्हणला लाट डिशच्या वायरीतून सेटटॉप बॉक्समध्ये आणि तिथून टीव्हीत आली. प्लगमध्ये संरक्षण लावलेलं, पण डिशची वायर कुणाच्या ध्यानात येते? आता आभाळ भरलं की पोरगं पळत जाऊन दोन्ही वायरी उपसतं. बोर्ड बदलायला साडेसहा हजार गेले. ३० मधले दोन हजार चांगल्या सर्ज प्रोटेक्टरला ठेवा.

कराड_संगम :
प्लेस्टेशन ५ घेणार असेल तर एवढं ध्यानात घ्या. ४के आणि १२० दोन्ही एकत्र हवं तर एचडीएमआय २.१ आणि खरं १२० हर्ट्झचं पॅनेल लागतं. ३० हजारांत ते सहसा बसत नाही, आणि त्याच्या मागं लागू नये असं मला मनापासून वाटतं. बरेचसे गेम ६० किंवा ३० वरच चालतात. मी प्लेस्टेशन ५ साध्या ४के ६० वर तीन वर्षं खेळतोय, काही अडलं नाही.

एचडीआरच्या (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) शिक्क्याला भुलू नका. सिग्नल घेतो म्हणून शिक्का मारतात, पडद्यात उजेडच नसेल तर चित्र उलट मळकट दिसतं. मी बंदच ठेवलाय. आणि पॅनेल कोणत्या जातीचं, व्हीए की आयपीएस, ते विचारा. व्हीएत काळा रंग काळा दिसतो, गुहेतल्या खेळाला भारी, पण कॉटच्या कडेवरून बघितलं तर रंग उडतात. आयपीएसला बाजूनं चालतं, पण रात्री दिवा मालवला की अंधार राखाडी. एकटा खेळणार असेल तर व्हीए. चौघं भावंडं बसणार तर आयपीएस.

बिल करताना बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. जुन्या किमतीचे स्टिकर दिसले तर विचारा.

विश्रामबाग_१२ :
कराड_संगम, अनुमोदन. एक भर : फोनच्या स्लो मोशनमध्ये अंगठा आणि पडदा एकत्र येईल असा व्हिडिओ काढा. सेकंदाला २४० फ्रेमवाला असेल तर एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. बटण दाबल्यापासून माणूस हलेपर्यंत फ्रेम मोजायच्या. गेमचा स्वतःचा उशीर त्यात येतो, पण दोन टीव्हींवर तोच गेम लावला की फरक कळतो.

कोरेगावचा_गडी :
मोशन बंद केलं. गेम मोड लावला. पोरगं ओरडलं, पप्पा हे आधी का नाही केलं! पोवईनाका दादा, साताऱ्यात आलो की मोती चौकातनं कंदी पेढे तुमच्यासाठी.

पोवईनाका (सातारा) :
या या. पेढे मीच आणतो.

गावभागकर (सांगली) :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याबरोबर जाऊन आलो. प्लेस्टेशन पिशवीत घेऊनच. दुकानात त्यानं अंगठ्याचे व्हिडिओ काढले, मी फ्रेम मोजल्या. साईटवरचं पण वाचलं. ४३ इंची, ४के, व्हीए, खरं ६० चं पॅनेल, हेडफोनचं भोक आहे. २६,५०० झाले. सर्ज प्रोटेक्टर वेगळा, डिशच्या वायरीचा पण.

रात्री प्लेस्टेशनच्या आधी त्यानं बंदूकच लावून बघितली, गेम मोडमध्ये. तरी बदक पडेना.

मिरजेचा_तंबोरा :
नाही पडणार, त्याला डबाच लागतो. आमच्या कारखान्यात एक आहे, २१ इंची. दुपारी जेवताना बातम्या लावतो. रंग थोडे हिरवट झालेत, पण चालू आहे. रविवारी भाच्याला आणि बंदुकीला घेऊन या.

गावभागकर (सांगली) :
येतो. अकरापर्यंत पोचतो.

मिरजेचा_तंबोरा :
पिवळी पिन पुढच्या बाजूला आहे, झाकणाखाली. आवाजाची आमची तुटलीय, बंदुकीला काय लागत नाही.