प्रतिसाद: ठिपके मोजून स्लिपर ऑर्किड ओळखू नका

तुम्ही तुमच्या 'इन्सिग्ने'चा, म्हणजे चपलेसारखी पिशवी असलेल्या फुलाच्या स्लिपर ऑर्किडचा, फोटो टाकलात; यंदाच्या फुलावर ठिपके कमी आले, म्हणून ती आता वेगळीच जात निघाली असं वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटत. पॅफिओपेडिलम इन्सिग्ने मूळचं मेघालयाकडचं आणि ठिपक्यांच्या बाबतीत भलतंच लहरी. त्याचं 'सँडेरी' हे रूप तर जवळजवळ बिनठिपक्यांचं, पिवळट हिरवं असतं. 'हेअरफील्ड हॉल' या त्याच्याच वाणामध्ये गुणसूत्रांचे तीन संच असल्याने फूल चांगलंच दांडगं, पण जात तीच.

आधी पानं बघा. व्हेनुस्टम या दुसऱ्या स्लिपर ऑर्किडची पानं चट्टेरी आणि पिशवीवर हिरव्या शिरांचं जाळं असतं, त्यामुळे तिथे गल्लत व्हायला नको. इन्सिग्नेची पानं साधी हिरवी.

खरी गोची संकराची आहे. इन्सिग्ने आणि स्पायसेरियनम ही आणखी एक जात यांच्या संकरातून आलेलं 'लीआनम' बागांमध्ये भरपूर आहे. वरचं उभं संदल (पाकळ्यांबाहेरचं, पाकळीसारखंच दिसणारं दल) बरंचसं पांढरं आणि मधोमध जांभळी रेघ ठळक दिसली, तर मला आधी लीआनमचाच संशय येईल. तुमच्या फोटोत नेमका तोच भाग कापला गेलाय!

फुलाच्या मधोमध, पिशवीच्या तोंडाशी, ढालीसारखा एक तुकडा असतो. तो म्हणजे वंध्य पुंकेसर. त्याचा आकार रंगापेक्षा जास्त भरवशाचा. इन्सिग्नेत तो पिवळा, मध्ये बारीकशी गाठ असलेला. त्याचा समोरून, जवळून एक फोटो टाका. आणि पानाच्या बुडाचाही, खालच्या बाजूने; इन्सिग्नेत तिथे जांभळे ठिपके असतात.