काटा ६४ वरच आहे, मग बाबांच्या मांड्या कुठे गेल्या?

सांजवारा: बाबांना हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर. पंपिंग (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ३० टक्के. वर्षभर वजन ६४ किलोच, म्हणून घरात सगळे निश्चिंत. परवा आंघोळ घालताना त्यांच्या खांद्याची हाडं हाताला लागली. मांड्या वाळल्यात, घोट्यावर मात्र बोट दाबलं की खळगा पडतो. मांस झडलं, तेवढंच पाणी भरलं, आणि काटा जागचा हलला नाही! माझं स्पष्ट मत: हार्ट फेल्युअरमध्ये दर तपासणीला स्नायूंची ताकदही बघायलाच हवी.

रानवाट: असहमत. आईच्या पायात पाणी साठतंय हे आम्हाला काट्यानेच सांगितलं, दोन दिवसांत दोन किलो वाढले होते. त्याला नावं ठेवू नका. आणि आई जाड होती, वजन उतरल्यावर तिचा दम कमी झाला. २०२३ मध्ये सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या औषधाच्या चाचणीतही हार्ट फेल्युअरच्या लठ्ठ रुग्णांचं वजन घटलं आणि चालणं सुधारलं. बारीक होणं म्हणजे वाईटच असं नाही.

सांजवारा: रोजचं वजन आम्हीही करतो, करावंच. पण त्या चाचणीतले लोक बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३० च्या पुढचे, पंपिंग शाबूत असलेले. बाबा कधीच जाड नव्हते. १९९७ च्या हार्ट फेल्युअरच्या एका अभ्यासात सूज नसताना सहा महिने किंवा जास्त काळात साडेसात टक्क्यांहून जास्त वजन गेलेल्या रुग्णांपैकी निम्मे दीड वर्षात दगावले होते. हे वाचल्यापासून झोप नाही.

कडुनिंब: मी फिजिओथेरपिस्ट. आपल्याकडे बीएमआयवर तर विसंबूच नये. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःला मोजलं: दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. म्हणजे आपल्याकडे मुळात स्नायूंची शिल्लक कमी, त्यात हा आजार. घरी एवढं बघा: हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठ-बस. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा. सोबत कुणीतरी उभं राहा.

रानवाट: आणि कळल्यावर काय? त्यावर गोळी आहे का? वर व्यायाम करायला लावून दुखऱ्या हृदयावर ताण!

कडुनिंब: गोळी नाही, हे खरं. पण ताणाची भीती जुनी आहे. २००९ च्या चाचणीत कमी पंपिंगच्या २,३३१ रुग्णांत देखरेखीखालचा व्यायाम सुरक्षित ठरला. अंथरुणात पडून राहिल्याने स्नायू अजून झपाट्याने जातात. सूज किंवा दम वाढलेला असेल तेव्हा मात्र थांबायचं.

सांजवारा: आज केलं. तीनदा उठले, चौथ्यांदा हात टेकला. सोमवारी डॉक्टरांना हेच दाखवणार आहे.